अति घाई, संकटात नेई

ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियात टेकडीवर लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि टेकडीखाली बर्कली विद्यापीठ. दोन्हींमधलं अंतर ४०० यार्ड, म्हणजे रमतगमत चाललं तरी पाच मिनिटं. दोन्हीकडचे कॉम्प्युटर नेटवर्कनं जोडलेले होते आणि त्यांच्यात सेकंदाला ३२,००० बिट डेटा जायचा. त्या महिन्यात हा वेग घसरला. थोडाथोडका नाही, सेकंदाला ४० बिटांवर आला. ८०० पटींनी कमी.

४० बिट म्हणजे इंग्रजीची पाच अक्षरं. त्या काळी १.२ एमबीची फ्लॉपी मिळायची. एरवीच्या वेगानं ती भरून डेटा पाठवायला पाच मिनिटं पुरली असती. आता त्यालाच जवळजवळ तीन दिवस लागले असते. फ्लॉपी खिशात टाकून टेकडी उतरणारा माणूस मात्र तेव्हाही पाचच मिनिटांत पोचला असता.

केबल तुटली नव्हती. मशीन बंद पडलं नव्हतं. कुणी हल्लाही केला नव्हता. उलट तारा भरभरून वाहत होत्या आणि प्रत्येक कॉम्प्युटर नेमून दिलेलं काम पूर्ण जोर लावून करत होता. भानगड तीच होती.

एखादी फाइल जास्तीत जास्त किती वेगानं पाठवता येईल, हा इंजिनिअरिंगचा तसा सोपा प्रश्न. ती किती वेगानं पाठवावी, हा अवघड. कारण फाइल पाठवताना आपण एकटे नसतो. तार सामायिक असते, प्रोसेसर सामायिक असतो, मेमरी सामायिक असते, आणि आता तर बॅटरीही. गेली पन्नासएक वर्षं सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं या दुसऱ्या प्रश्नाशी झगडत आहेत. तुमच्या फोनवर हा लेख उघडला, त्यातही त्या झगड्याचा वाटा आहे.

पंगत आणि बोळ

सुरुवातीला प्रश्न वेगाचा नव्हताच. १६ एप्रिल १९७१ रोजी अभय भूषण यांनी 'आरएफसी ११४' नावाचं टिपण लिहिलं. एका कॉम्प्युटरवरची फाइल दुसऱ्यावर कशी न्यावी याचे नियम त्यात होते. हेच पुढे एफटीपी म्हणून जगभर वापरलं गेलं. भूषण आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले पदवीधर, तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होते. अर्पानेट या नेटवर्कवर त्या वेळी जेमतेम पंधरा-वीस ठिकाणं होती आणि तारांचा वेग सेकंदाला ५०,००० बिट. डोकेदुखी वेगळीच होती. कुणाचं मशीन ३६ बिटांच्या शब्दात विचार करायचं, कुणाचं ३२. एकाची फाइल दुसऱ्याला वाचता आली तरी पुष्कळ.

शिवाय अर्पानेटमध्ये गर्दीची काळजी बऱ्याच अंशी नेटवर्कच घ्यायचं. प्रत्येक ठिकाणी कॉम्प्युटर आणि तार यांच्यामध्ये एक स्वतंत्र मशीन बसवलेलं असे. आधीचा निरोप पोचल्याची वर्दी आल्याशिवाय ते पुढचे निरोप बेसुमार सोडू देत नसे.

१ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट टीसीपी/आयपीवर गेलं आणि ही व्यवस्था उलटी झाली. नव्या रचनेत मधलं नेटवर्क जाणूनबुजून साधं ठेवलं होतं. पॅकेट आलं की पुढे ढकलायचं, जमलं नाही तर टाकून द्यायचं. हरवलेलं पॅकेट ओळखणं, ते पुन्हा पाठवणं, क्रम लावणं हे सगळं शहाणपण दोन टोकांच्या कॉम्प्युटरकडे गेलं. म्हणूनच कुठलंही नेटवर्क कुठल्याही नेटवर्कला जोडता आलं आणि इंटरनेट वाढलं.

पण टीसीपीमध्ये एक फट राहिली होती. ती समजायला लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणू. वाढपी पानाकडे बघून वाढतो. पान भरलं असेल तर थांबतो, रिकामं झालं की पुन्हा येतो. टीसीपीत ही सोय होती. घेणारा कॉम्प्युटर दर वेळी सांगायचा, "माझ्याकडे अजून इतकी जागा आहे." पाठवणारा तेवढंच पाठवायचा. प्रश्न असा की मुदपाकखाना आणि पंगत यांच्यामध्ये एक अरुंद बोळ आहे आणि त्यातून पन्नास वाढपी ये-जा करताहेत. पानात जागा आहे की नाही हे प्रत्येकाला माहीत. बोळात जागा आहे की नाही हे कुणालाच माहीत नाही.

आता यात पुढचा नियम मिसळा. ठरावीक वेळात पोच आली नाही, तर पॅकेट हरवलं असं समजून ते पुन्हा पाठवायचं. बोळात गर्दी झाल्यामुळे पोच यायला उशीर झाला, तरी पाठवणाऱ्याला वाटणार की भांडं सांडलं. तो त्याच पदार्थाचं दुसरं भांडं घेऊन बोळात शिरणार. सगळेच तसं करणार. गर्दी वाढेल, उशीर वाढेल, तिसरं भांडं निघेल. बोळ गच्च भरलेला आणि पंगत उपाशी. १९८६ मध्ये बर्कलीला हेच झालं. तारा भरलेल्या होत्या, पण त्यांतून बहुतांश वाहत होत्या आधीच पाठवलेल्या पॅकेटांच्या प्रती.

वडापचा नियम

हे होणार असं दोन वर्षं आधी एकानं लिहून ठेवलं होतं. जॉन नेगल हे फोर्ड एरोस्पेसमध्ये काम करायचे. मोटारी बनवणाऱ्या फोर्डचीच ती कंपनी. तिथलं खासगी नेटवर्क वेगवेगळ्या वेगाच्या तारांनी जोडलेलं आणि कायम भरलेलं असायचं. अर्पानेटमध्ये जागा मुबलक असल्यामुळे तिथे त्रास जाणवत नव्हता, नेगलना मात्र तो रोज दिसत होता. जानेवारी १९८४ मध्ये त्यांनी 'आरएफसी ८९६' लिहिलं आणि या आजाराला 'कंजेशन कोलॅप्स' असं नाव दिलं. गर्दीनं कोसळणं.

त्यांनी एक लहान दुखणं आधी हाताळलं. दूरच्या कॉम्प्युटरवर कुणी टाइप करत असेल तर प्रत्येक अक्षरासाठी एक पॅकेट जायचं. आत एक बाइट माल आणि वर ४० बाइटांचं वेष्टन. एक प्रवासी आणि त्याच्यासाठी अख्खी एसटी.

नेगल यांचा उपाय आपल्याकडच्या वडापसारखा होता. आधीच्या खेपेची पोच यायची असेल, तर नवीन अक्षरं जमवत राहा. पोच आली किंवा जीप भरली, की सोड. रस्ता रिकामा असेल, आधीचं काही बाकी नसेल, तर एका प्रवाशालाही घेऊन नीघ. संथ नेटवर्कवर आपोआप गाड्या भरून जातात, वेगवान नेटवर्कवर कुणाला थांबावं लागत नाही. हा नियम आजही टीसीपीत आहे. मात्र ज्यांना एकेक क्षण महत्त्वाचा, उदाहरणार्थ ऑनलाइन गेम लिहिणारे, ते तो मुद्दाम बंद करतात. जीप भरेपर्यंत थांबायचं की रिकामी पळवायची, याचं एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही, हे तेव्हाच दिसलं होतं.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८५ मध्ये, नेगल यांनी आणखी एक टिपण लिहिलं. त्यात त्यांनी विचारलं, मधल्या राउटरना अमर्याद मेमरी दिली तर गर्दीचा प्रश्न सुटेल का? त्यांचं उत्तर होतं, नाही. रांग नुसती लांबत जाईल, आणि पॅकेटचा नंबर लागेपर्यंत त्याची मुदत संपलेली असेल. शेवटी हा सामायिक गायरानाचा प्रश्न आहे, असंही त्यांनी मांडलं. जो जास्त जनावरं सोडेल त्याचा फायदा, म्हणून सगळेच जास्त सोडतात आणि गवत संपतं. हे टिपण लक्षात ठेवा. पंचवीस वर्षांनी ते पुन्हा आठवावं लागलं.

सावकाश सुरुवात

व्हॅन जेकबसन त्याच टेकडीवरच्या प्रयोगशाळेत होते. त्यांनी आणि बर्कली विद्यापीठातल्या मायकेल कॅरेल्स यांनी मिळून युनिक्समधलं टीसीपी तपासलं आणि दुरुस्त केलं. ऑगस्ट १९८८ मध्ये सिगकॉम परिषदेत जेकबसन यांनी त्यावरचा निबंध मांडला.

मूळ कल्पना एका वाक्यात सांगता येते. बोळातून एक वाढपी बाहेर पडल्याशिवाय दुसऱ्यानं आत शिरू नये. पोच आली याचा अर्थ एक पॅकेट नेटवर्कमधून बाहेर पडलं, म्हणजे आता एक आत सोडायला हरकत नाही. वेगळं घड्याळ नको, मधल्या राउटरला विचारणं नको. येणाऱ्या पोचांचा ठेका हाच पाठवण्याचा ठेका.

पण सुरुवात कशी करायची? बोळ किती रुंद आहे हे आधी ठाऊक नसतं. म्हणून एका पॅकेटनं सुरुवात करायची. पोच आली की दोन, मग चार, मग आठ. याला नाव पडलं 'स्लो स्टार्ट', सावकाश सुरुवात. खरं तर दर फेरीला दुप्पट होणारी गोष्ट सावकाश कसली, पण आधीची टीसीपी पहिल्याच झटक्यात अख्खी खिडकी ओतायची. तिच्या मानानं ही सावकाशच. आणि पॅकेट हरवलं तर? तर तो गर्दीचा इशारा समजायचा, आपली मर्यादा निम्म्यावर आणायची आणि पुन्हा हळूहळू, एकेका पायरीनं वाढवत न्यायची.

वाढताना बेरीज, कमी होताना भागाकार. ही जोडी का निवडायची, याचं गणित डा-मिंग चिऊ आणि राज जैन यांनी १९८९ मध्ये मांडलं. जैन बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले आणि तेव्हा डिजिटल इक्विपमेंट कंपनीत होते. समजा एकाकडे ८ वाटे आहेत आणि दुसऱ्याकडे २. गर्दी झाली, दोघांनी निम्मे सोडले. ४ आणि १ उरले. म्हणजे ज्याच्याकडे जास्त होतं त्यानं जास्त सोडलं. आता जागा मोकळी झाली, दोघं एकेकानं वाढले. ५ आणि २, ६ आणि ३. फरक ६ वरून ३ वर आला आणि आता वाढताना तो वाढत नाही. पुन्हा गर्दी झाली की तो आणखी निम्मा. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, वाटप करणारा पंच नाही, तरी वाटा समान होत जातो.

मला या इतिहासातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. तिची दुसरी बाजूही तितकीच ठळक आहे. या नियमावर पहारा कुणाचाच नव्हता. ऑक्टोबर १९८९ च्या 'आरएफसी ११२२' मध्ये लिहिलं गेलं की प्रत्येक टीसीपीनं सावकाश सुरुवात आणि गर्दी टाळणं पाळलंच पाहिजे. पण न पाळणाऱ्याचं पॅकेट राउटर अडवणार नव्हता. इंटरनेट कोसळलं नाही, कारण बर्कलीच्या युनिक्समधून हे टीसीपी सगळीकडे गेलं आणि बहुतेकांनी ते आहे तसं चालू ठेवलं.

दारावरची बेल

१९९० च्या दशकात तारा वेगवान झाल्या आणि गर्दी दाराच्या आत शिरली. नेटवर्क मोकळं, पण कॉम्प्युटरच गुदमरतोय असं दिसू लागलं.

नेटवर्क कार्डावर पॅकेट आलं की ते प्रोसेसरला हाक मारतं. हातातलं काम टाकून प्रोसेसरनं आधी दार उघडायचं. तासाला दोन पाहुणे येत असतील तर ही पद्धत छान. सेकंदाला हजारो बेल वाजायला लागल्या तर? माणूस नुसता दार उघडत बसेल. आलेल्यांना बसवणं नाही, चहा नाही. पाहुणे ओटीवर दाटतील आणि शेवटी परत जातील. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये यावर निबंध लिहिला आणि या अवस्थेला 'रिसीव्ह लाइव्हलॉक' म्हटलं. मशीन बंद पडलेलं नसतं, शंभर टक्के कामात असतं, आणि त्या कामातून हाती मात्र काहीच येत नाही. बर्कलीचीच गोष्ट, फक्त आता एका खोक्यात. हेच रामकृष्णन १९८८ मध्ये राज जैन यांच्याबरोबर, राउटरनं पॅकेटवर एक बिट लावून गर्दीची आगाऊ सूचना द्यावी, ही कल्पना घेऊन त्याच सिगकॉम परिषदेत होते. प्रश्न बाहेरचा असो की आतला, दोन्हीकडे तेच नाव भेटावं यात नवल नाही.

उपाय घरगुती शहाणपणाचा होता. पहिली बेल वाजली की बेलच बंद करायची. मग आपल्या सोयीनं दाराकडे जायचं, ठरावीक लोकांना आत घ्यायचं आणि बाकीच्या कामाला लागायचं. दाराबाहेर कुणी उरलं नाही की बेल पुन्हा चालू. २००१ मध्ये मांडली गेलेली लिनक्समधली 'नापी' ही व्यवस्था अशीच चालते. तिथे एका खेपेला साधारण ६४ पॅकेट घेतली जातात. ६४ च का, सगळी का नाही? कारण मशीनला फाइल उतरवून घेण्याखेरीज इतरही कामं असतात.

दुसरी उधळपट्टी होती नकला करण्याची. सर्व्हरनं एक फाइल पाठवायची तर ती डिस्कवरून कर्नलच्या मेमरीत यायची, तिथून प्रोग्रॅमच्या मेमरीत, तिथून परत कर्नलमध्ये आणि मग नेटवर्क कार्डाकडे. प्रोग्रॅम त्या डेटाकडे बघतसुद्धा नव्हता. एका हातानं घेऊन दुसऱ्या हातानं द्यायचा. १९९९ च्या लिनक्स २.२ मध्ये 'सेंडफाइल' आलं. प्रोग्रॅमनं फक्त सांगायचं की ही फाइल त्या तारेवर सोड, कर्नल परस्पर पाठवेल. इथे वेगही वाढला आणि प्रोसेसरही मोकळा झाला. अशा दोन्ही हातांनी मिळणाऱ्या गोष्टी या इतिहासात फार थोड्या आहेत.

बहुतेक वेळा एक देऊन दुसरं घ्यावं लागतं. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी आरसिंक आणलं. फाइलची जुनी प्रत पलीकडे आधीच असेल, तर बदललेला भागच का पाठवू नये? अडचण ही की काय बदललंय हे कळायला दोन्ही प्रती एका जागी हव्यात. त्यांनी युक्ती काढली. पलीकडचा कॉम्प्युटर जुन्या फाइलचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन खुणा काढतो, एक झटपट आणि कच्ची, दुसरी वेळखाऊ पण पक्की. या खुणा अलीकडे येतात. अलीकडचा कॉम्प्युटर नवी फाइल एकेक बाइट सरकत तपासतो. कच्ची खूण जुळली तरच पक्की तपासायची. जे जुळलं ते पाठवायचं नाही.

तारेवरचं ओझं प्रचंड कमी होतं. पण दोन्ही बाजूंना अख्खी फाइल वाचावी लागते आणि प्रोसेसर राबवावा लागतो. संथ तारेवर हा सौदा सोन्याचा. म्हणूनच आरसिंकला एकाच मशीनवरच्या एका फोल्डरमधून दुसऱ्यात फाइल न्यायला सांगितलं, तर ते आपली सगळी हुशारी बाजूला ठेवून गुमान अख्खी फाइल उतरवतं. हुशारीची किंमत कुठे परवडते आणि कुठे नाही, हे त्याच्या लेखकांनी आतच लिहून ठेवलंय. तारेला श्वास घेता यावा म्हणून वेगाला मर्यादा घालण्याची सोयही त्यात आहे.

रांगेत शिरलेले

१५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलनं मुंबईसह मोजक्या शहरांत इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. पुढे गल्लोगल्ली सायबर कॅफे आले. एका लाइनवर पाच-सहा कॉम्प्युटर, आणि कोपऱ्यातल्यानं गाणी उतरवायला घेतली की बाकीच्यांचं याहू मेल उघडेना. जेकबसनच्या नियमानं तर सगळ्यांना समान वाटा मिळायला हवा होता.

पण नियम वाटा देत होता जोडणीला, माणसाला नाही. डाउनलोड मॅनेजर नावाच्या सॉफ्टवेअरनं हे ओळखलं. एका फाइलचे आठ तुकडे करा, आठ जोडण्या उघडा, आठ वाटे घ्या. शिधावाटपाच्या रांगेत एकाच घरातले आठ जण उभे राहावेत तसं. नियम मोडला नाही, फक्त त्याचा अर्थ संपवला. ब्राउझरही यात मागे नव्हते. जून १९९९ च्या एचटीटीपी १.१ च्या नियमात लिहिलं होतं की एका सर्व्हरशी दोनपेक्षा जास्त जोडण्या ठेवू नयेत. २००८-०९ पर्यंत मोठे ब्राउझर सहावर गेले आणि २०१४ च्या नव्या नियमावलीतून तो आकडाच काढून टाकण्यात आला.

बिटटोरंटनं ही गोष्ट टोकाला नेली. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये ते आणलं तेव्हा कल्पना उदार होती. फाइल घेणाऱ्या प्रत्येकानं ती इतरांनाही द्यावी. पण डझनावारी जोडण्या एकाच वेळी चालत आणि घरातल्या बाकीच्यांची लाइन गुदमरे. २००७ मध्ये अमेरिकेत कॉमकास्ट ही कंपनी बिटटोरंटच्या जोडण्यांमध्ये 'जोडणी तोडा' अशी बनावट पॅकेट घुसवत असल्याचं उघड झालं. पुढच्या वर्षी तिथल्या नियामकानं कंपनीला फटकारलं, २०१० मध्ये कोर्टानं नियामकाचा तो आदेश रद्द केला. इंटरनेट कंपनीनं कुणाचा वेग ठरवावा का, हा वाद यातून पेटला आणि तो अजून विझलेला नाही.

त्या गदारोळात एक उत्तर इंजिनिअरांनीही दिलं. डिसेंबर २०१२ मध्ये 'लेडबॅट' हा नियम प्रसिद्ध झाला. बिटटोरंटवाले त्याच्या घडणीत होते. तो पॅकेट हरवायची वाट बघत नाही. पॅकेटला लागणारा उशीर मोजतो. रांगेमुळे होणारा उशीर १०० मिलिसेकंदांच्या मर्यादेकडे जायला लागला, की कुणीतरी दुसरं रस्त्यावर आलंय असं समजून बाजूला सरकतो. रस्ता मोकळा झाला की पुन्हा पूर्ण जोरात. समान वाटा मागायचाच नाही, इतरांचं झाल्यावर उरेल ते घ्यायचं. मोठमोठे सॉफ्टवेअर अपडेट अशाच पद्धतीनं पाठवायला नंतर ॲपल आणि मायक्रोसॉफ्टही शिकले.

लांबलेली रांग, आणि झोपणारा रेडिओ

२०१० च्या सुमारास बेल लॅब्जमधल्या जिम गेटीज यांच्या लक्षात आलं की घरून मोठी फाइल पाठवायला घेतली की घरातलं बाकीचं इंटरनेट ठप्प होतं. एरवी काही मिलिसेकंदांत येणारं उत्तर एक सेकंद उलटून गेला तरी येत नव्हतं. कारण शोधल्यावर सापडल्या भल्यामोठ्या रांगा. मेमरी स्वस्त झाली म्हणून मोडेमपासून राउटरपर्यंत प्रत्येकानं ती ओतली होती. एकही पॅकेट वाया जाऊ नये हा हेतू. पण टीसीपीला गर्दी कळते ती पॅकेट हरवल्यावर. रांग इतकी लांब की काही हरवतच नाही, म्हणून टीसीपी वेग वाढवत राहते, आणि तुमचा व्हिडिओ कॉल त्या रांगेच्या शेपटाला उभा राहतो. गेटीज यांनी याला 'बफरब्लोट' म्हटलं. अमर्याद मेमरीनं प्रश्न सुटत नाही हे नेगल यांनी १९८५ मध्येच लिहिलं होतं.

२०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 'कोडेल' हा उपाय सुचवला. रांग किती लांब हे बघू नका, पॅकेट रांगेत किती वेळ उभं राहिलं ते बघा, आणि तो वेळ वाढतच चालला तर एखादं पॅकेट वेळीच टाकून द्या. टाकून देणं हाच निरोप.

इथवर सगळ्या गोष्टींचा कल एकीकडे होता. जरा दमानं घे. स्मार्टफोननं त्यालाच छेद दिला.

मोबाइलचा रेडिओ डेटा पाठवताना जागा होतो आणि काम संपल्यावरही काही सेकंद जागाच राहतो, पुन्हा लागेल म्हणून. त्या काही सेकंदांतही बॅटरी जळते. २००९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात अरुणा बालसुब्रमणियन, निरंजन बालसुब्रमणियन आणि अरुण वेंकटरमणी यांनी हे मोजलं. थ्रीजीवर लहानशी फाइल उतरवताना सुमारे ६० टक्के ऊर्जा फाइल आल्यानंतरच्या त्या रिकाम्या जागरणात जात होती. म्हणजे फोनवर थोडं थोडं, हळूहळू पाठवणं हीच उधळपट्टी. काम साठवा, एकदम भरधाव पाठवा आणि झोपा. २०१४ च्या अँड्रॉइड ५.० पासून ॲपला सिस्टिमकडे नोंद करता येते की हे काम फोन चार्जिंगला असताना, वायफायवर असताना केलं तरी चालेल. सिस्टिम दहा ॲपची कामं एकत्र उरकते. पुन्हा वडापच, फक्त आता जीप भरली की ती सुसाट सोडायची.

एकच फाइल, पण तार म्हणते सावकाश, बॅटरी म्हणते लवकर, प्रोसेसर म्हणतो आकसून पाठवू नकोस, डेटा पॅक म्हणतो आकसूनच पाठव. यातलं कुणीच चूक नाही. म्हणून 'योग्य वेग' असा एकच आकडा नसतो. कुणाचं ऐकायचं हे कुणीतरी ठरवलेलं असतं, आणि ते बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये, कुणाच्या लक्षात न येता, ठरून गेलेलं असतं.

हे ठरवणाऱ्यांची संख्या आता कमी झाली आहे, हा यातला काळजीचा भाग. २०१६ मध्ये गूगलनं 'बीबीआर' नावाची नवी पद्धत जाहीर केली. लेखकांत व्हॅन जेकबसन होतेच, पहिल्या निबंधानंतर २८ वर्षांनी. ती पॅकेट हरवण्याची वाट बघत नाही, रस्त्याची रुंदी आणि लांबी सतत मोजत राहते. कल्पना चांगली आहे आणि संथ, गळक्या नेटवर्कवर तिचा उपयोग होतो. पण २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवलं की तिच्या पहिल्या आवृत्तीतला एकच प्रवाह, जुन्या पद्धतीच्या १६ प्रवाहांसमोर उभा केला, तर एकटा सुमारे ४० टक्के रस्ता घेऊ शकतो. नंतरच्या आवृत्त्यांत यावर काम झालं. तरीही १९८८ मध्ये जो बदल परिषदेत मांडून, चर्चा होऊन, सगळ्यांच्या नियमात गेला, तसा बदल आता एक कंपनी आपल्या सर्व्हरवर करू शकते आणि दुसऱ्या दिवशी जगाच्या तारांवरचे वाटे बदललेले असतात.

आमच्या धंद्यात वेग सहज मोजता येतो आणि मोजता येतं त्याचंच कौतुक होतं. नव्या आवृत्तीत डाउनलोड दुप्पट वेगानं होतं, हे जाहिरातीत लिहिता येतं. त्या वेळी शेजारच्या खोलीतल्या मुलीचा ऑनलाइन वर्ग अडखळला नाही, हे लिहिता येत नाही, कारण न घडलेल्या गोष्टीचा आलेख निघत नाही. स्पीड टेस्ट आपल्याला आपला आकडा दाखवते. त्या अर्ध्या मिनिटात घरातल्या इतरांचं काय झालं, ते ती सांगत नाही.

'अति घाई, संकटात नेई' ही पाटी घाटात लावलेली असते, कारण तिथे दरी दिसते. तारांच्या जगातली दरी दिसत नाही. ती एकदा १९८६ मध्ये, ४०० यार्डांच्या अंतरात, स्पष्ट दिसली होती. त्यानंतर तिथे कठडा बांधला गेला तो कुठल्या पोलिसानं नाही, तर अनोळखी माणसांनी लिहिलेल्या आणि दुसऱ्या अनोळखी माणसांनी न बदलता ठेवलेल्या काही ओळींनी. तो कठडा अजूनही तेवढ्याच भरवशावर उभा आहे.